‘आमचा काहीच खात नाही हो!’

हे वाक्य नोकरीत असताना ऐकलं नसेल तितकं मी आता निवृत्तीनंतर सोसायटीच्या बागेत ऐकते. नोकरी अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेची. त्यामुळे मूल दिसलं की आधी दंड बघायची खोड लागलीय, चेहरा नंतर. आणि बागेतल्या ज्या पोरांबद्दल ही तक्रार असते, त्यांतल्या बहुतेकांचे दंड चांगले भरलेले असतात.

परवा असाच एक अडीच वर्षांचा गडी घसरगुंडीखाली दडून बसला होता. आई डबा घेऊन मागे. डब्यात तूप घालून कालवलेला वरणभात, मोठ्या माणसाला पुरेल एवढा. पोराचा एक गाल टम्म फुगलेला, कारण आधीचा घास अजून तिथंच होता. “गीळ. गीळ म्हटलं ना! हा शेवटचा.” शेवटचा झाला, मग चिऊचा झाला, मग बाबांचा. मामाच्या घासाला पोरानं सगळा तोबरा वाळूत थुंकला. आई रडकुंडीला आलेली. मी विचारलं, “दूध किती पितो गं?” तर म्हणते, “दूध मात्र छान पितो काकू. चार बाटल्या होतात दिवसाच्या.”

चार बाटल्या म्हणजे लिटरभर दूध. लिटरभर गाईच्या दुधात साधारण ६५० कॅलरी असतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात १०१० कॅलरी धरलीय. वर सकाळी दोन बिस्किटं आणि दुपारी केळं. म्हणजे गड्याचं जेवण बागेत यायच्या आधीच जवळपास उरकलं होतं. शिवाय दुधात लोह नसल्यातच जमा. त्यामुळे पोट भरलेलं आणि रक्त कमी, अशी मुलं चांगल्या खात्यापित्या घरांत सर्रास दिसतात. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणा, बाटली बंद करून पेला द्या, निम्मी तक्रार तिथंच मिटते.

उरलेली निम्मी आपल्या अपेक्षेची असते. तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षाचं होईतो नऊच्या आसपास जातं, तिप्पट. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचं वजन दोन-अडीच किलोच वाढतं आणि पुढं वर्षाला दोनेक किलो. वाढीचा वेग ओसरला की भूकही ओसरणारच. आणि नेमकं तेव्हाच घरात सगळ्यांना वाटायला लागतं की आता दात आले, चालायला लागला, आता नीट जेवायला हवं. वाटी मोठी होते तेव्हाच पोराची भूक लहान होते, आणि तिथून भांडण सुरू होतं.

तर वाढायचं किती? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की मुलाच्या पोटात किलोमागे ३० ग्रॅम अन्न मावतं. दहा किलोच्या मुलाला एका वेळी ३०० ग्रॅम, आणि त्यात पाणी, ताक, आमटी सगळं आलं. २५० मिलीच्या वाटीनं नऊ ते अकरा महिन्यांना अर्धी वाटी, एक ते दोन वर्षांना पाऊण ते एक वाटी. असं दिवसातून तीन-चार वेळा, मध्ये एक-दोनदा खाऊ. बस्स.

आमच्या नातीच्या ताटलीत मी चतकोर पोळी, दोन चमचे भाजी, लहान वाटीत आमटी आणि काकडीची एखादी फोड एवढंच ठेवते. संपलं की ती “आजी, अजून” म्हणते, मग पुन्हा चतकोर. कधी तीन चतकोर जातात, कधी एकातच ताटली पुढं सरकवते. सूनबाई सुरुवातीला कासावीस व्हायची. मुलांचं असंच असतं. अमेरिकेतल्या लीन बर्च यांनी १९९१ साली दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचं खाणं मोजून पाहिलं, तर एक जेवण दुसऱ्याशी मेळ खाईना, पण सगळ्या दिवसाची बेरीज बरीचशी सारखी येत होती. दुपारी कमी खाल्लं की पोर रात्री भरून काढतं. पण याच बर्चबाईंच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मुलांना जेवणातला मुख्य पदार्थ दुप्पट वाढून बघितला, तेव्हा मुलांनी घास मोठे घेतले आणि तो पदार्थ पाव हिश्श्यानं जास्त खाल्ला. म्हणजे पोटाचा अंदाज असतो, पण समोर ढीग आला की तो चुकतो. ढीग रचणारे आपण.

पानात टाकू नये हे मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त हा नियम जेवणाऱ्याइतकाच वाढणाऱ्यालाही लागू आहे, हे आपण सोयीनं विसरतो. डावभर भात तुम्ही वाढणार आणि अन्नाचा अपमान केल्याचं पाप तीन वर्षांच्या पोराच्या माथी! पंगतीत पाहुण्याला नको असेल तर तो पानावर हात आडवा धरतो आणि आपण जिलबी घेऊन पुढं जातो. मूल तोंड फिरवतं, तर त्याचं डोकं धरून घास कोंबतो. (मोबाइल लावून भरवण्याबद्दल मी बोलत नाही. बोलले तर घरातच भांडणं होतील.)

आता हे वाचून कुणी “लहान मुलांना कमीच द्यावं” असा अर्थ काढू नका. माझी बरीच नोकरी डोंगरातल्या पाड्यांवर गेली. तिथं पोर सकाळी आणि रात्री, मोठ्यांबरोबर दोनदा जेवायचं. मधल्या वेळेत आई कामावर, आणि धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी मोठी बहीण स्वतःच सात वर्षांची. वाटीत नागलीची पातळ पेज. पोट तिथंही ३०० ग्रॅमचंच, ते पाण्यानंच भरायचं. आई सांगायची, “पोटभर खाल्लं बाई त्यानं.” खोटं नव्हतं ते. पण काट्यावर वजन हलायचं नाही.

तिथं आमचं सांगणं वेगळं असायचं. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट करा, वर चमचाभर तेल घाला (त्या एका चमच्यात ४५ कॅलरी), शेंगदाण्याचा कूट घाला, आणि दोनाच्या जागी पाच वेळा द्या. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाची निघाली. या मुलांच्या वाटीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, तिकडच्या आयांना लिहायला वेळ नाही.

आणि ज्या मुलाचं वजन घटतंय, जे मलूल आहे, ताप-जुलाबातून उठून आठवडा झाला तरी अन्नाकडे बघत नाही, त्याच्या भुकेची वाट बघत बसू नका. त्याला दवाखान्यात न्या.

बाकीच्यांनी घास मोजण्यापेक्षा वजन करावं. त्यासाठी अंगणवाडी आहे, शहरातही आहे. ती फक्त गरिबांच्या मुलांसाठी असते हा आपल्याकडचा गैरसमज, सहा वर्षांखालचं कुठलंही मूल तिथं नेता येतं. काटा असतो, तक्ता असतो, सेविका ठिपका मांडून रेघ वर चाललीय की आडवी झालीय ते दाखवते. पैसे लागत नाहीत. बागेतल्या त्या डबेवाल्या आईला मी आमच्या मागच्या गल्लीतल्या अंगणवाडीचा पत्ता दिला, तर म्हणाली, “अय्या, इथं अंगणवाडी आहे?” चार वर्षं राहतेय ती या सोसायटीत.