जी राहिला

परवा आमच्या चेंबूरच्या सोसायटीच्या गणपतीत मी शब्दस्पर्धेत चौथा आलो. स्पर्धक पाच होते, आणि पाचवीला तिच्या आईने मध्येच जेवायला बोलावून नेलं.

फळ्यावर सात इंग्रजी अक्षरं: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. पाच मिनिटांत जमतील तितके शब्द करायचे, एक अक्षर एकदाच. शब्दाला एक गुण, साती अक्षरं वापरली तर वर पाच. सेक्रेटरींनी माइकवरून "सिनियर सिटिझननी पण उतरा, मेंदूला बरं असतं" म्हणत माझ्याकडे पाहिलं, तेव्हाच मी चपला शोधायला हव्या होत्या.

पहिला शब्द सुचला ट्रेन. एकतीस वर्षं चेंबूर ते शिवडी हार्बरने गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण एकदा ट्रेन दिसली की ती हलेना. अक्षरं पुसून, उलटसुलट मांडून पाहिली, पुन्हा ट्रेनच. त्या भरात मी 'स्टेशन'ही लिहून टाकलं. त्यातला ओ फळ्यावर नव्हता. मग मेंदूने मराठीचा आसरा घेतला. टी-आय-एन, तीन. एस-ए-टी, सात. हे शब्द इंग्रजीतही निघाले ही बाप्पाची कृपा. एन-आय-टी तर मी 'नीट' म्हणूनच लिहिलं होतं. सेक्रेटरींनी भुवया उंचावल्या, तेव्हा शेजारची चौथीतली पोरगी म्हणाली, "आहे शब्द! निट म्हणजे उवांचं अंडं." मग माझ्या उरलेल्या केसांकडे बघत म्हणाली, "आजोबांना बरोबर माहितीये."

सात वेगळ्या अक्षरांच्या मांडण्या होतात 5040. पाच मिनिटांत सगळ्या तपासायच्या तर सेकंदाला सतरा. हा उद्योग मुळात रिकाम्या माणसाचा. अल्फ्रेड बट्स नावाचा अमेरिकन आर्किटेक्ट 1930 च्या दशकातल्या मंदीत बेकार झाला आणि वर्तमानपत्राच्या पानांवर कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसला. त्यातून पुढे स्क्रॅबल झालं, अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायचा खेळ. शंभर सोंगट्यांत ई बारा, क्यू आणि झेड एकेकच. एस मात्र चारच, नाहीतर लोक प्रत्येक शब्दाला शेपूट लावून अनेकवचन करत सुटले असते. मराठीत त्याने मोजायला घेतलं असतं तर बाराखडीतच मंदी संपली असती. 'कि' वेगळा, 'की' वेगळा, 'क्ष' कोणत्या डब्यात टाकायचा? आपला खेळ वेगळा. 'ती होडी जाडी होती' उलटीकडून वाचा आणि गप्प बसा.

असो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात मला तो शब्द दिसला. एस-टी-ई-ए-आर-आय-एन. स्टिअरिन! साती अक्षरं! साबणाच्या कारखान्यात आयुष्य गेलं माझं. स्टिअरिन म्हणजे चरबीतला घट्ट भाग, मेणबत्तीत आणि साबणात लागतो. त्याची पोती मी मोजून घेतलीत.

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर सरकवला.

"स्टीअरिंग ना? जी राहिला."

"स्टीअरिंग नाही हो, स्टिअरिन."

"तेच म्हणतोय. जी खाल्लात तुम्ही. आणि स्टीअरिंगला डबल ई लागतो. मी पंचवीस वर्षं गाडी चालवतोय."

"अहो, साबणात असतं ते."

"साबणात स्टीअरिंग?" हे त्यांनी माइक तोंडाशी धरून विचारलं. पन्नास माणसं हसली. आरतीच्या ताटात कापूर ठेवणारे गुरुजीसुद्धा.

"डिक्शनरीत बघा."

"मी आयुष्यात ऐकला नाही तो शब्द मी कसा धरू? उद्या कोणी काहीही लिहील."

हाच त्यांचा निकष. पहिली आलेल्या कॉलेजच्या मुलीचा 'रेटिनाज' त्यांनी लगेच धरला, कारण गेल्या दिवाळीत त्यांच्या रेटिनाचं ऑपरेशन झालंय. तिचाच 'नॅस्टिअर' मात्र खोडला. "बाप्पासमोर घाण शब्द नको." शब्द खरा की खोटा हे त्यांच्या तब्येतीवर आणि सोवळ्यावर. मला अकरा गुण मिळाले. स्टिअरिन धरलं असतं तर सतरा, म्हणजे दुसरा नंबर. दुसरा आलेल्याला स्टीलचा डबा मिळाला. मला उत्तेजनार्थ प्लास्टिकची साबणदाणी.

डब्याचं सोडा. लालबागला आमच्या चाळीच्या गणपतीत आम्ही शब्दांच्या भेंड्या खेळायचो, रात्री एक वाजेपर्यंत, आणि 'ळ' आला की भांडणं व्हायची. इथे सोसायटीत बहुतेक घरं मराठी, वर्गणी मराठीत मागतात, आरती मराठीत. मी विचारलं, स्पर्धा तेवढी इंग्रजीत का? सेक्रेटरी म्हणाले, "मुलांना जोडाक्षरं जड जातात." यावर मी चांगलं सुनावणार होतो. तेवढ्यात माझा नातू सुखकर्ता-दुखहर्ता मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत वाचताना दिसला. त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या मुलाला, इंग्रजी शाळेत घालायला रांगेत पहाटे चारला मीच उभा होतो. मी प्रसादाच्या रांगेत गेलो.

रात्री झोप येईना. डोळे मिटले की सात अक्षरं पंख्यासारखी फिरायची. सॅटिन. सेंट, संतातला. इनर्ट. स्पर्धेत कुठे होते हे सगळे? अडीच वाजता मी ताडकन उठून बसलो आणि ओरडलो, "रिटेन्स!"

बायको न वळताच म्हणाली, "पाणी आलं का?"