इंडक्शन, लोहचुंबक आणि दोन वांगी

सिलिंडर पोह्यांच्या आधी संपत नाही, नंतरही संपत नाही. मोहरी तडतडून कांदा पडला की संपतो. त्या रविवारीही तसंच झालं. दुसरा भरलेला आहे, असं मी तीन आठवडे छातीठोकपणे सांगत होतो. आत 14.2 किलो गॅस असायला हवा होता, पण टाकी एका हातानं उचलली गेली.

बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी खरेदीला जातो. संध्याकाळी घरात इंडक्शन शेगडी आली.

खोक्यावर 2000 वॉट लिहिलेलं. म्हणजे पूर्ण जोरावर अर्धा तास चालली तर एक युनिट, हा हिशोब मी घरात दोनदा ऐकवला. 230 व्होल्टला 2000 वॉट म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या घरात, आणि आमच्या ओट्यावरचा पॉइंट सहा अँपिअरचा, मिक्सरपुरता, हा हिशोब मात्र मला प्लग हातात धरून उभा असताना सुचला. प्लग आत जाईचना. सोळा अँपिअरचे पॉइंट घरात तीन. एक गिझरचा, एक फ्रिजच्या मागे अडकलेला, एक बेडरूममध्ये एसीचा. त्यामुळे इंडक्शनवरचा आमचा पहिला चहा बेडरूममध्ये, इस्त्रीच्या टेबलावर झाला. मी पलंगाच्या कडेवर बसून आलं किसत होतो.

"झोपेतून उठल्या उठल्या हातात चहा मिळावा असं मला लग्नापासून वाटायचं," बायको म्हणाली. "पण असं नाही."

दोन दिवसांनी इलेक्ट्रिशियननं ओट्यापर्यंत जाड वायर ओढून दिली. वायरची पट्टी भिंतीवर अजून दिसते. मग भांड्यांची परीक्षा सुरू झाली. या शेगडीत काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातली वीज सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलते आणि भांड्याच्या बुडातच प्रवाह भोवंडायला लागतो. तापतं ते बूड. काच आपली भांड्याच्या संगतीनं गरम होते तेवढीच. पण बूड लोहचुंबक धरणारं हवं, नाहीतर शेगडी पीं पीं करून बंद. एखाद्या सरकारी खिडकीसारखी ती आधी कागदपत्रं मागते.

मुलीनं फ्रिजवरचं केळ्याच्या आकाराचं लोहचुंबक काढून दिलं. मी मांडणीपुढे बसलो. हिंडालियमची कढई नापास. कुकर नापास. कल्हई केलेलं पितळी पातेलं नापास. लग्नात आलेली, नावं कोरलेली स्टीलची पातेली तर ओळीनं नापास. स्टील असून चुंबक का धरत नाही, हे मी बायकोला समजावायला गेलो. स्टीलमध्ये निकेल असलं की असं होतं, असं म्हणता म्हणता तिच्या माहेरच्या पातेल्यांबद्दल बोलतोय हे लक्षात आलं आणि गप्प बसलो. चुंबकाला कडकडून भेटली ती भांडी अशी: विळी, अडकित्ता, लोखंडी खलबत्ता. यातल्या कशातही वरण शिजत नाही. महागाचा नॉनस्टिक पॅन पडला आणि आजीचा बिडाचा तवा पहिल्या नंबरानं पास झाला. मला त्याचा अभिमान वाटला, जणू मीच ओतून घेतला होता.

नवी भांडी आली. खरं सांगायचं तर दूध, चहा, वरण यांना शेगडी उत्तम आहे. उतू गेलं तर फडकं फिरवलं की झालं, आणि मे महिन्यात ओट्यापाशी उभं राहवतं. भानगड मंद आचेची. आकडा कमी केला तरी आमची शेगडी आच मंद करत नाही. ती थोडा वेळ पूर्ण जोर लावते आणि थोडा वेळ झोपते. खीर तेवढ्यात लागते.

डिसेंबरात आई जळगावहून आली, पिशवीत बामणोदची भरताची वांगी घेऊन. मी तिला प्रयोग दाखवला. काचेवर वर्तमानपत्र, वर पातेलं. पाणी खळखळलं, कागद जागच्या जागी. 1950च्या दशकात अमेरिकेत फ्रिजिडेअर कंपनीनं लोकांना हेच करून दाखवलं होतं, हेही सांगितलं. आईनं पातेलं उचलून कागद नीट पाहिला.

"कागद जळत नाही?"

"नाही ना!"

"मग वांगं कशावर भाजशील?"

सिलिंडर नेमका पुन्हा संपलेला. समोरच्यांचं दार वाजवावं, तर त्यांना इंडक्शन घ्यायला मीच लावलं होतं आणि त्यांनी गॅसची शेगडी गावी पाठवली होती. शेवटी दोन वांगी हातात घेऊन मी इमारतीखालच्या मिसळवाल्याकडे गेलो.

त्यांच्या भट्टीवर मोठी कढई होती, शेजारी 19 किलोचे दोन सिलिंडर. मी इंडक्शनचा विषय काढला. "आहे की एक, चहाला," ते म्हणाले. "पण ही कढई बघा, गोल बुडाची. काचेवर ठेवली तर लोळंल. आणि भांडं हलवायला जरा उचललं की ते बोंबलतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमचा आचारी मात्र दुपारी त्याच्यापाशीच जाऊन उभा राहतो. भट्टीजवळ जीव जातो ओ त्याचा."

वांगी भाजली. साल टरारून फुटली, रस जाळावर पडून चुरचुरला. ते पैसे घेईनात, म्हणून मी दोन प्लेट भजी बांधून घेतली.

घरी आईनं वांगी सोलून ठेचली, मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून भरीत केलं. कळण्याच्या भाकरीबरोबर पहिला घास घेतला आणि थांबली.

"गॅसवर भाजलंस ना?" म्हणाली. "कपाशीच्या काड्यांवरचा वास नाही याला."