हयातीचा दाखला

विलायतेची पेन्शन घेऊन म्हातारपणी बेळगावात परतलेल्या माणसाला दोन दुःखं असतात. पहिलं म्हणजे ती वाढत नाही. ब्रिटनची सरकारी पेन्शन अमेरिकेत राहणाऱ्या म्हाताऱ्याला दरवर्षी वाढवून मिळते, भारतात राहणाऱ्याची मात्र आहे त्या आकड्यावर गोठते. कुंद्याचा भाव गोठत नाही. यावर जास्त बोललो की माझा रक्तदाब वाढतो. तोही गोठत नाही.

दुसरं दुःख टपालानं येतं. तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध करा, नाहीतर पैसे बंद, असा फॉर्म. साक्षीदार डॉक्टर, शिक्षक, बँक अधिकारी असा कुणीतरी हवा, पण नातेवाईक नको. ही अट घालणारा आमच्या बेळगावच्या शहापुरात राहिलेला नसणार.

आधी टिळकवाडीतले डॉक्टर गाठले. त्यांनी पेन उघडलं, आडनाव वाचलं आणि पेन तसंच अधांतरी धरून विचारलं, "खानापूरकडचे काय ओ तुम्ही?"

"मूळचे."

"मग नंदगडच्या आत्या तुमच्या कोण?"

झालं! आतून त्यांच्या मिसेस आल्या, चहा आला, चिवडा आला, मागोमाग चार पिढ्या आल्या. चहा संपेपर्यंत मी डॉक्टरांच्या मेहुणीचा चुलत सासरा ठरलो होतो. "म्हणजे काका, तुम्ही घरचेच की ओ!" इतक्या आनंदानं माझी पेन्शन आजवर कुणी बुडवली नव्हती.

गणपत गल्लीत भेटलेले हेडमास्तर तर भाजीची पिशवी खाली न ठेवताच व्याही निघाले.

तिकडे विलायतेत शेजाऱ्याला इतक्या वर्षांत माझं आडनाव धड उच्चारता आलं नाही. तसा साक्षीदार सोन्यासारखा. पण तिकडेच राहिलो असतो तर हा फॉर्म कशाला आला असता?

शेवटी बँकेतले साहेब आठवले. रायचूरहून नुकतेच बदलून आलेले, कन्नड. 1 नोव्हेंबरला ते राज्योत्सव करणार, आम्ही काळा दिन पाळणार. दोन राज्यांचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात. याहून बिननात्याचा माणूस कुठून आणायचा?

पहिल्या दिवशी 'नाळे बर्री', म्हणजे 'उद्या या', झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली, पॅड सुकलं होतं म्हणून शिक्का तोंडाजवळ नेऊन त्यावर 'हाऽ' केलं आणि तो दाबला. मग आडनावावर बोट ठेवून म्हणाले, "निपाणीत तुमचे कोण आहेत का ओ? आमच्या मिसेस निपाणीच्याच..."

मी शाई वाळायच्या आत फॉर्म ओढला आणि पोस्टाचा रस्ता धरला.