उरलेल्या सँडविचचा मालक

लग्नसराई आली की आपल्याकडे एक वाद हमखास उकरला जातो. हॉटेलवाल्यांनी, केटररनी पानात किती वाढावं यावर सरकारने बंधन घालावं का? 2017 साली पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये अन्नाच्या नासाडीचा विषय काढला आणि पाठोपाठ तेव्हाचे केंद्रीय अन्नमंत्री रामविलास पासवान यांनी एका डिशमध्ये किती द्यायचं याचं प्रमाण ठरवायची कल्पना मांडली. दोन इडल्या खाणाऱ्याला चार कशाला, असा त्यांचा सवाल होता. ओरड झाली, मग खुलासा आला की सक्ती नाही, हॉटेलांनी आपणहून करावं. पण विषय मिटला नाही. तो पुन्हा वर आला की कुणीतरी अमेरिकेचं उदाहरण देतंच: तिकडचे ते डोंगराएवढे पोर्शन, आपणही त्याच वाटेने चाललोय.

त्या डोंगरांतला सगळ्यांत बदनाम डोंगर म्हणजे न्यूयॉर्कच्या ज्यू डेलीतलं (मांसाची सँडविचं विकणाऱ्या खानावळीतलं) पास्ट्रामी सँडविच, म्हणजे खारवून धुरावलेल्या गोमांसाचं. त्याच्याकडे जरा जवळून बघितलं तर आपला वाद चुकीच्या ताटावर चाललाय असं वाटू लागतं.

आधी पूर्वपीठिका, थोडक्यात. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंना गावाकडे मांस मिळे ते शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, किंवा सणावारी. अमेरिकेत गोमांस मुबलक आणि स्वस्त. खारवून, धुरावून टिकवलेलं मांस राय या धान्याच्या ब्रेडमध्ये घालून विकणारी दुकानं न्यूयॉर्कमध्ये फोफावली. 1930च्या दशकात शहरात नुसत्या कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, डेलीच दीड हजाराच्या आसपास होत्या. आता बोटांवर नाही, तरी सहज मोजता येतील इतक्या उरल्यात. ह्यूस्टन स्ट्रीटवरची कॅट्झ 1888 पासूनची आहे. सेव्हन्थ अव्हेन्यूवर कार्नेगी आणि स्टेज या दोन डेली हाकेच्या अंतरावर होत्या, दोन्ही 1937च्या, आणि कुणाचं सँडविच जास्त उंच याची त्यांच्यात चुरस. ग्राहकाने पान संपवलं तर आमचंच काहीतरी चुकलं, अशा अर्थाचं कार्नेगीचं ब्रीद होतं. पौंडभराहून जास्त, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या वर मांस आणि त्याला टेकलेल्या ब्रेडच्या दोन केविलवाण्या चकत्या. स्टेज 2012 मध्ये बंद झाली, कार्नेगी 2016च्या अखेरीस.

आता कामाची गोष्ट. पास्ट्रामी मुळात गाईच्या पोटाकडच्या चरबीदार भागाची. आता बरेच जण छातीचा भाग, म्हणजे ब्रिस्केट वापरतात. मांस कित्येक दिवस खारवणात मुरवायचं, मग त्याला मिरी, धणे आणि लसूण यांचा जाडसर मसाला चोळायचा, मंद धुरात ठेवायचं, शेवटी वाफवायचं. (धणे-मिरीचा तो वास आपल्या नाकाला लगेच ओळखीचा वाटतो.) घाई करणारे खारवण सुईने आत टोचतात आणि दोन दिवसांत मोकळे होतात. त्या मांसाला मीठ लागतं, चव लागत नाही. वाफवण्यात कसर राहिली तर ते रबरासारखं चिवट होतं; पुरेसं वाफवलं तर इतकं मऊ की यंत्रावर कापताच त्याचा भुगा होतो. म्हणून चांगल्या डेलीत मांस ऑर्डर आल्यावर हाताने, धाग्यांना आडवं कापतात. आधीच कापून ठेवलेलं पाच मिनिटांत कोरडं पडतं. कॅट्झमध्ये दारात एक तिकीट हातात देतात, काउंटरवर त्यावर रक्कम लिहिली जाते आणि पैसे बाहेर पडताना द्यायचे. तिकीट हरवलं तर पन्नास डॉलरचा भुर्दंड. कापणारा आधी एखादा तुकडा चाखायला देतो. त्याच्या भांड्यात एक-दोन डॉलर टाकायची रीत आहे. सँडविच पंचवीस-तीस डॉलरच्या घरात, आत पाऊण पौंडाच्या आसपास मांस. वर मोहरीचा सॉस. मेयोनीज मागितलंत तर मिळेल, पण कापणाऱ्याची नजर सोसायची तयारी ठेवा.

एवढं सँडविच एकट्याने खायचं नसतंच, हे नवख्याला कुणी सांगत नाही. न्यू जर्सीत, आपल्या लोकांनी गजबजलेल्या एडिसनमध्ये, हॅरल्ड्स नावाची डेली आहे. तिथली सँडविचं कार्नेगीलाही लाजवतील अशी, आणि मधोमध लोणच्यांचा भलामोठा बार: अर्धं आंबलेल्या हिरव्या काकड्या, पूर्ण आंबलेल्या काकड्या, कोबी. तिथे टेबलभर माणसांनी मिळून एक-दोन सँडविचं घ्यायची, वरून ब्रेड घ्यायचा आणि मांस वाटून आपापली सँडविचं बांधायची. माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम मांस पुरतं. पहिल्यांदा जाणारं चौघांचं कुटुंब चार सँडविचं मागवतं, तिथेच हिशेब चुकतो.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी: टर्की या पक्ष्याची पास्ट्रामी बहुतेक ठिकाणी मिळते, मसाला तोच. शाकाहारी असाल तर जरा जपून. मात्झो बॉल सूपमधले गोळे पिठाचे असले तरी रस्सा कोंबडीचा आणि गोळ्यांतही बऱ्याचदा कोंबडीची चरबी. मश्रूम-बार्ली सूप नावाला मश्रूमचं, पाणी हाडांचं असू शकतं. बटाट्याचं सारण भरलेलं निश आणि लाटके, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या टिक्क्या, बरे, पण कशात तळलंय ते विचारावं. कोलस्लॉत, म्हणजे कोबीच्या कोशिंबिरीत, मेयोनीज, म्हणजे अंडं. आणि डेली खरोखर कोशर असेल, उदाहरणार्थ सेकंड अव्हेन्यू डेली, तर मांसाबरोबर चीज मागू नका. दूध आणि मांस एकत्र येत नाही. कॅट्झ कोशर नाही, तिथे चीज घातलेलं रूबेन सँडविच मिळतं. हा दूध-मांसाचा नियम अलिबाग-रेवदंड्याकडच्या मराठी बेने इस्रायल ज्यू घरांतही पाळला जातो, म्हणून त्यांच्या कालवणात नारळाचं दूध. पास्ट्रामीशी मात्र त्या घरांचा काही संबंध नाही. ज्यू जेवण म्हणजे डेली हा न्यूयॉर्कचा गैरसमज आहे.

उरलेल्याचं काय, हा या लेखाचा खरा मुद्दा. डेलीत सँडविच दोन भागांत कापून येतं. जाणकार माणूस खायला बसण्याआधी डबा मागतो आणि एक अर्ध त्यात घालून बाजूला ठेवतो. वेटरला त्यात काही वावगं वाटत नाही, शेजारच्या टेबलालाही नाही. हाताला न लागलेलं अर्ध घरी जातं, त्यामुळे उष्ट्याचा प्रश्नही आपोआप निकालात. घरी पोचल्यावर ब्रेड आणि मांस वेगळं करायचं, काकडी तिसऱ्या डब्यात. एकत्र ठेवलं तर सकाळी ब्रेडचा लगदा. बाहेर काढल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. मायक्रोवेव्हमध्ये चरबी वितळून निघून जाते आणि कडा चामड्यासारख्या होतात. पाच-सात मिनिटं वाफ द्यावी. मोदकपात्र यासाठी उत्तम, फक्त ते गणपतीचं नसावं एवढं घरात आधी ठरवून घ्या.

याचा अर्थ अमेरिका अन्न वाया घालवत नाही असा मुळीच नाही. तिथल्या कृषी खात्याच्याच अंदाजाने अन्नपुरवठ्याचा 30 ते 40 टक्के भाग वाया जातो, आणि त्यात फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात विसरलेले डबेही आलेच. प्रमाणावर कायद्याने बंधन घालायचा प्रयोगही तिथे होऊन गेला. 2012 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांच्या पुढाकाराने शहराच्या आरोग्य मंडळाने 16 औंसांपेक्षा, म्हणजे पाऊण बाटली बिअरएवढ्या पेल्यापेक्षा, मोठ्या गोड पेयांवर बंदी घातली. 2014 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. मंडळाला तेवढा अधिकारच नाही म्हणून. पासवानांच्या इडल्यांचं काय झालं असतं याची कल्पना यावरून यावी.

पण डेलीच्या व्यवहारात एक गोष्ट स्वच्छ आहे: पानात आलेलं सगळं ग्राहकाच्या मालकीचं. आपल्या अनलिमिटेड थाळीत ही मालकीच नाही. तिथे ग्राहक पदार्थ विकत घेत नाही, एका बैठकीत हवं तेवढं खाण्याची मुभा विकत घेतो. म्हणून पार्सल नाही, म्हणून एका थाळीत दोघांनी बसायचं नाही. हॉटेलवाल्याच्या बाजूने हे बरोबरच आहे, नाहीतर एक माणूस बसेल आणि अख्खी सोसायटी जेवेल. पण परिणाम बघा. गिऱ्हाईक बसतं न बसतं तोच दहा-बारा वाट्या भरल्या जातात, कोशिंबीर, दोन गोड, फरसाण, सगळं न विचारता. वाढप्याला टेबल लवकर मोकळं करायचं असतं, विचारत बसायला वेळ नाही. नासाडी होते ती बव्हंशी या पहिल्या फेरीत. गार पडलेली पुरी कुणी खात नाही, गरम आली की जुनी बाजूला सरते. जेवण संपल्यावर त्या टाकलेल्या वाट्या घरी नेता येत नाहीत, कारण त्या तुमच्या नव्हत्याच. आणि भिंतीवर पाटी: अन्न टाकल्यास दंड आकारला जाईल. न मागता वाढलेल्याचा दंड कशासाठी, हे विचारायला हवं.

डेलीही सगळी साळसूद नव्हती. कार्नेगीत एका सँडविचमध्ये दोघं बसले तर तीन डॉलर शेअरिंग चार्ज लागायचा. त्यावरून पर्यटक चिडत. पण मोजून दिलेल्या पदार्थावरचा तो आकार म्हणजे खुर्चीचं भाडं, लोणचं आणि जास्तीचा ब्रेड. मेन्यूवर आधी छापलेला, बिलात नंतर घुसडलेला नव्हे. तीन डॉलर देऊन दोघांचं पोट भरत होतं. आपल्याकडे अनलिमिटेड नसलेल्या, साध्या राइसप्लेटलाही ‘शेअर करता येणार नाही’ असं सांगणारी हॉटेलं आहेत. तिथे सरळ वीस-तीस रुपये जास्त घ्यावेत आणि दुसरं ताट द्यावं. वन बाय टू सूप आणि कटिंग चहा देणाऱ्या शहरांना हे अवघड जाऊ नये.

वजन लिहिण्याचा कायदा आपल्याकडे आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जुलै 2022 पासून दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना मेन्यूवर कॅलरी आणि वाढण्याचं प्रमाण छापणं बंधनकारक आहे. एकुलतं एक थाळीगृह त्यातून सुटतं, जसं न्यूयॉर्कच्या 2008च्या कॅलरी-नियमातून एकट्या दुकट्या डेली सुटल्या, कारण तिथे अट 15 शाखांची. म्हणजे जिथे ताट सर्वांत मोठं, तिथेच पाटी कोरी. डेलीत निदान काउंटरवर सँडविच बांधताना डोळ्यांना दिसतं. थाळीत वाटी केवढी, पुऱ्या किती, हे बसल्याशिवाय कळत नाही.

मग करायचं काय? अनलिमिटेड बंद करा म्हणण्यात अर्थ नाही. शेजारच्या हॉटेलात चालू असेल तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. बहुतेक डेलींच्या मेन्यूवर अवाढव्य सँडविचच्याच खाली एक ओळ असते: अर्धं सँडविच आणि एक वाटी सूप. दुपारी एकटं जेवणारे तेच घेतात. तशी मर्यादित थाळी त्याच मेन्यूवर, त्याच पानावर असावी: दोन भाज्या, आमटी, चार पोळ्या, भात, एक गोड, ठरलेलं वजन, आणि उरलं तर बांधून नेण्याची मोकळीक. अनलिमिटेडमध्येही पहिल्या फेरीला फक्त भाजी, वरण, पोळी वाढावी आणि बाकीचं विचारून. एक मात्र ग्राहकाने गिळायला हवं. अर्धं सँडविच अर्ध्या किमतीत मिळत नाही, कारण जागेचं भाडं आणि वाढप्याचा पगार तेवढाच असतो. मर्यादित थाळीलाही अनलिमिटेडच्या साठ-सत्तर टक्के मोजावे लागतील, आणि ‘थोडेच जास्त देऊन अनलिमिटेड घेतलेलं काय वाईट’ म्हणणारा जो माणूस आहे, तो बहुतेक आपल्याच टेबलावर बसलेला असतो.