मिल्टन ॲबस: देखण्या गावाखाली गाडलेले गाव

इंग्लंडमधील 'जुन्या, देखण्या' खेड्यांची जी छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरत असतात, त्यांत डॉर्सेट परगण्यातील मिल्टन ॲबस हमखास असते. उतारावरचा एकच रुंद रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेली, पांढऱ्या भिंतींची, अगदी एकसारखी घरे पाहून लोक तिथल्या परंपरेचे गोडवे गातात. माझ्या मते ती परंपरा नव्हे, तर एका जमीनदाराने चिकाटीने तडीस नेलेली मर्जी आहे.

मूळ मिल्टन हे मठाला लागून वाढलेले बाजारपेठेचे गाव होते. आठव्या हेन्रीच्या काळात १५३९ मध्ये मठ बरखास्त झाला आणि पुढच्याच वर्षी जॉन ट्रेगॉनवेल या कायदेपंडिताने तो १००० पौंडांना विकत घेतला. राजाच्या घटस्फोटाच्या प्रकरणात राबलेले हे गृहस्थ मठ बरखास्त करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकीच एक होते, ही गोष्ट योगायोगाची मानायला मन धजत नाही. तरीही गाव शाबूत राहिले.

१७५२ मध्ये ही मालमत्ता जोसेफ डेमरकडे आली. आयर्लंडमध्ये सावकारी करून गबर झालेल्या नातलगाचा पैसा या घराण्याच्या पाठीशी होता. विल्यम चेंबर्सने आराखडा केलेला नवा वाडा आणि 'केपेबिलिटी' ब्राऊनने आखलेली उद्याने यांच्या शेजारी डेमरला बाजार, पब आणि शाळकरी पोरांचा गलका नको होता. मात्र भाडेपट्टे अस्तित्वात असेपर्यंत भाडेकऱ्यांना हुसकावता येत नसल्यामुळे, जो पट्टा संपेल त्याचे नूतनीकरण नाकारायचे आणि ते घर पाडायचे, असा क्रम पुढे अनेक वर्षे चालला. विल्यम हॅरिसन नावाच्या वकिलाने मात्र आपला पट्टा सोडायला साफ नकार दिला. डेमरने तळ्याचे पाणी सोडून त्याचे घर बुडवले, हॅरिसनने दावा लावला आणि तो जिंकला, अशी हकिकत सांगितली जाते. तपशील कितपत खरे असतील ते असोत, पण गावकऱ्यांच्या बाजूने उभे राहिलेले माणूस म्हणून मला या साऱ्या इतिहासात तोच आठवणीत ठेवावासा वाटतो. जुनी शाळासुद्धा १७८५ मध्ये ब्लँडफर्डला हलवली गेली.

विस्थापितांसाठी १७८० च्या सुमारास दरीत नवे गाव वसवले गेले. आज एका कुटुंबाला ऐसपैस वाटणारे तिथले प्रत्येक घर तेव्हा दोन कुटुंबांसाठी, एकाच सामाईक दरवाज्याचे बांधलेले होते. ही योजना उदारपणाची होती असे म्हणणारे आजही भेटतात. नवी घरे जुन्यांपेक्षा धड होती, हे मान्य करूनही माझा आक्षेप कायम राहतो, कारण घर कुठे असावे हे राहणाऱ्यांना विचारण्याची गरज मालकाला कधी भासलीच नाही. पुढे १८५२ मध्ये हॅम्ब्रो या बँकर घराण्याने ही मालमत्ता घेतली आणि मठाच्या चर्चचा जीर्णोद्धार करवला. वकील, सावकारी पैशाचा वारस आणि बँकर अशा तीन घराण्यांनी हे गाव खरेदी केले. गावकरी मात्र प्रत्येक वेळी जमिनीसोबत हस्तांतरित होत राहिले.