रस्ता कुणाचा, परवानगी कशाची

मुंबईत मोठा मोर्चा आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमेरिकेला साक्षीला बोलावलं जातं, आणि तेही दोन्ही बाजूंनी. काका लिहितात, "अमेरिकेत असा रस्ता अडवला असता तर दोन तासांत उचलून आत टाकलं असतं." मावसभाऊ लगेच उत्तर देतो, "अमेरिकेत पोलीस आंदोलकांना हातही लावत नाहीत, खरं भाषणस्वातंत्र्य तिथेच आहे." मग दोघंही माझ्याकडे वळतात: तू तिथे राहतेस, तूच सांग. फोनवर चार ओळींत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दोघंही ज्या अमेरिकेबद्दल बोलतात ती मला इथे कुठे दिसत नाही.

मी जर्सी सिटीत राहते. हडसन नदीच्या पलीकडे मॅनहॅटन, अलीकडे आम्ही. जर्नल स्क्वेअर स्टेशनातून बाहेर पडून न्यूअर्क अव्हेन्यूला लागलं की भारतीय किराण्याची, मिठाईची, साड्यांची दुकानं सुरू होतात. इथल्या मराठी माणसाच्या पायाखालचा हा रस्ता. पण हा चौक अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासातही आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. १९३८ च्या एप्रिलअखेरीस समाजवादी नेते नॉर्मन थॉमस इथे भाषण करायला आले. शहराने परवानगी दिली नव्हती. पोलिसांनी त्यांना गाडीत घातलं आणि शहराबाहेर काढलं.

त्या वेळी शहराचे महापौर होते फ्रँक हेग. १९१७ ते १९४७, सलग तीस वर्षं. "मीच कायदा आहे" हे त्यांचं वाक्य अमेरिकेत अजून उद्धृत होतं. ते वाक्य मुळात दोन शाळकरी मुलांना कामाचे परवाने देण्याच्या संदर्भातलं होतं, पण त्यांच्या कारभाराला ते इतकं चपखल बसलं की त्यांच्या नावाला चिकटून राहिलं. सीआयओ ही कामगार संघटना १९३७ साली जर्सी सिटीत पाय रोवायला आली. हेग यांच्या पोलिसांनी तिची पत्रकं जप्त केली, सभा नाकारल्या, कार्यकर्त्यांना पकडून न्यूयॉर्ककडे परत पाठवलं. शहराच्या नियमात सोयीचं कलम होतंच: सभेमुळे दंगल किंवा गोंधळ होईल असं सुरक्षा संचालकाला वाटलं, तर त्याने परवानगी नाकारावी. वाटलं, एवढंच पुरे. आणि शहरातले माजी सैनिक आणि देशभक्त मंडळी या 'कम्युनिस्टां'वर चिडलेली आहेत, अशी हवा तयार होतीच.

५ जून १९३९ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला. न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या मताचा आशय असा: रस्ते आणि उद्यानं कागदोपत्री कुणाच्याही नावावर असोत, ती अनादी काळापासून जनतेच्या वापरासाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेली आहेत, आणि लोक तिथे जमतात, बोलतात, सार्वजनिक प्रश्नांची चर्चा करतात. वाहतुकीसाठी, सोयीसाठी त्यावर नियम घालता येतील. नियमाच्या नावाखाली हा हक्कच काढून घेता येणार नाही.

हा निकाल तेहतीस वर्षांनी भारतात पोहोचला, आणि तोही आपल्याच कायद्याच्या निमित्ताने. गुजरात वेगळा झाल्यावरही तिथे मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ लागू होता. त्याखाली अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांनी नियम केला होता की पूर्वपरवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर सभा घ्यायची नाही. परवानगी कधी नाकारायची याला काही निकष नव्हता. हिम्मतलाल शाह विरुद्ध पोलीस आयुक्त या खटल्यात १९७२ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो नियम बहुमताने रद्द केला आणि त्या चर्चेत जर्सी सिटीचा हा निकाल विचारात घेतला. म्हणजे ज्या चौकातून मी आठवड्याचा भाजीपाला आणते, तिथला भांडणतंटा आपल्या कलम १९ चा अर्थ लावायला कामी आला. तोच पोलीस अधिनियम आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने चालू आहे.

म्हणून "अमेरिकेची तुलना आपल्याशी कशाला" हा आक्षेप मला पटत नाही. तत्त्व दोन्हीकडे एकच लिहिलेलं आहे. फरक पडतो तो परवानगीच्या अर्जावर साहेब काय शेरा मारतात त्यात.

आपल्याकडचा ठरलेला शेरा म्हणजे 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता'. कुणीतरी आधी जाहीर करतं की ही सभा, हे व्याख्यान, हे नाटक होऊ देणार नाही. मग पोलीस ठाण्यातून आयोजकांनाच नोटीस जाते. धमकी देणारा घरी, बोलणारा ठाण्यात. हेग यांच्या जर्सी सिटीचा हाच युक्तिवाद होता, आणि अमेरिकेतही तो मोडून काढायला अनेक दशकं लागली. १९९२ साली तिथल्या न्यायालयाने इतपत सांगितलं की विरोधक जमतील म्हणून पोलीस जास्त लागतील, हे कारण दाखवून मोर्चाचं शुल्कसुद्धा वाढवायचं नाही. आपलं सर्वोच्च न्यायालय त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, एका चित्रपटाच्या प्रकरणात म्हणालं होतं की मोर्चाची किंवा हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही, तिला संरक्षण देणं हे राज्याचं काम आहे. निकाल आपल्याकडे आहेत. ठाण्यातल्या टेबलापर्यंत ते उतरत नाहीत.

त्याबरोबर याच पोलीस अधिनियमातलं कलम ३७. 'जिल्ह्यात ३७ (१) व (३) अन्वये मनाई आदेश लागू' ही बातमी जिल्हा आवृत्तीत इतक्या वेळा छापून येते की वाचक ती ओलांडून पुढे जातो. पाच किंवा अधिक लोकांनी जमायचं नाही, पंधरा दिवसांसाठी. मग पुढचा आदेश, पुन्हा पंधरा दिवस. अशाच १४४ कलमाचे आदेश वारंवार काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट म्हटलं. मी लहानपणी नाशिकला हे आदेश ऐकत होते, आजही आई-बाबांच्या पेपरात ते येतात. अपवाद म्हणून दिलेला अधिकार रोजच्या सवयीचा झाला, की नागरिकाला स्वतःचा हक्कच मेहरबानीसारखा वाटू लागतो.

आता मावसभावाच्या अमेरिकेबद्दल. ऑगस्ट २००४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन न्यूयॉर्कमध्ये भरलं, तेव्हा पोलिसांनी अठराशेहून अधिक लोकांना पकडलं. त्यांत निदर्शकांबरोबर नुसते रस्त्याने जाणारेही होते. त्यांना हडसनकाठच्या एका जुन्या धक्क्यावर, तेलकट जमिनीवर कोंडून ठेवलं. पुढे ४ जून २०२० ला, जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतरच्या निदर्शनांत, ब्राँक्समधल्या मॉट हेवन भागात पोलिसांनी सुमारे तीनशे शांत निदर्शकांना चहूबाजूंनी घेरलं. रात्री आठची संचारबंदी होती. आठ वाजायच्या आधीच वाटा बंद केल्या आणि आठ वाजून गेल्यावर नियम मोडला म्हणून त्यांच्यावर दंडुके चालवले. एप्रिल २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोलीस बोलावून शंभराहून अधिक निदर्शकांना अटक झाली. १९१३ साली बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकायला आले, तेच हे विद्यापीठ. तेव्हा अमेरिकेतले पोलीस हात लावत नाहीत, हे खरं नाही. काळ्या आणि गरीब वस्त्यांत तर ते आधी हात लावतात.

तरीही या प्रकरणांमध्ये पुढे जे घडतं, ते मी महाराष्ट्रात पाहिलेलं नाही. मॉट हेवनमध्ये घेरलेल्या लोकांनी शहरावर दावा लावला आणि २०२३ मध्ये शहराने प्रत्येकी २१,५०० डॉलर द्यायचं मान्य केलं. २००४ च्या अटकांबद्दल शहराला सुमारे १.८ कोटी डॉलर मोजावे लागले. सप्टेंबर २०२३ च्या तडजोडीत न्यूयॉर्क पोलिसांनी निदर्शकांना असं घेरून कोंडणं बंद करण्याचं, आणि आंदोलन हाताळताना टप्प्याटप्प्यानेच बळ वाढवण्याचं लिहून दिलं. १८ ऑक्टोबर २०२५ ला ट्रम्प सरकारच्या विरोधात शहराच्या पाचही भागांत एक लाखाहून अधिक लोक उतरले, आणि निदर्शनांशी संबंधित एकही अटक झाली नाही असं पोलिसांनीच रात्री जाहीर केलं. अनेक वर्षांच्या खटल्यांशिवाय हा दिवस आला असता असं मला वाटत नाही.

या व्यवस्थेतले दोष मला दिसतात. २००४ च्या अटकेचे पैसे २०१४ मध्ये ठरले, दहा वर्षांनी. आणि ते शहराच्या तिजोरीतून, म्हणजे करदात्यांकडून जातात. लाठी उगारणाऱ्याच्या खिशाला सहसा झळ लागत नाही. तरी कुणी आदेश दिला, किती वाजता दिला, कॅमेऱ्यात काय आहे, हे न्यायालयात शपथेवर सांगावं लागतं. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीत उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. महाराष्ट्र हादरला, सरकारने माफी मागितली. पण डोकं फुटलेल्या बाईला तिचा हक्क म्हणून, कायद्याने, किती आणि कधी मिळायला हवं, हा प्रश्न आपल्याकडच्या चर्चेत येतच नाही. मदत जाहीर होते. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, भरपाईवर घेणाऱ्याचा दावा असतो.

काकांनाही एक सांगायचं आहे, आणि इथे पारडं उलट फिरतं. अमेरिकेत रस्ता मिळतो, पण रस्त्यावरच्या माणसाशी बोलायला सरकार येत नाही. १५ फेब्रुवारी २००३ ला इराकयुद्धाच्या विरोधात न्यूयॉर्कमध्ये लाखो लोक थंडीत उभे राहिले. मिरवणुकीची परवानगी मिळाली नव्हती, एका जागी उभं राहायची होती. महिन्याभराने युद्ध सुरू झालं. शिष्टमंडळ, निवेदन, चर्चेला बोलावणं, मंत्र्याने मैदानात येणं, ही महाराष्ट्रातली रीत इथे नाहीच. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले शेतकरी, बरेचसे आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईला पोहोचले. दहावीच्या मुलांच्या परीक्षेत खोळंबा नको म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रभर चालले. सकाळी आझाद मैदान, दिवसभर वाटाघाटी, संध्याकाळपर्यंत लेखी आश्वासन. आश्वासनं अपुरी राहिली म्हणून २०१९ ला आणि २०२३ ला पुन्हा चालावं लागलं, हेही खरं. पण फाटलेल्या पायांच्या माणसाला विधानभवनात खुर्ची मिळाली. इथल्या माझ्या अमेरिकन मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. असा शांत, शिस्तीचा मोर्चा मी जगात कुठे पाहिला नाही, आणि तो माझ्या गावातून निघाला याचा मला अभिमान आहे.

म्हणून ऑगस्ट २०२५ अखेरीस मनोज जरांगे पाटील मुंबईत आले तेव्हा 'गावाकडचे लोक मुंबई नासवतात' हा आमच्याच लोकांचा सूर मला फार लागला. परवानगी पाच हजारांची होती, आले त्याच्या कैक पट. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा परिसर ठप्प झाला, उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करायला सांगितले. ते योग्यच होतं. लोकल पकडणाऱ्या नर्सचा, रुग्णवाहिकेचाही रस्त्यावर हक्क आहे. पण साऱ्या राज्याच्या गाऱ्हाण्यांसाठी राजधानीत एकच मैदान, तेही पाच हजारांचं, असं ठरवल्यावर ते ओसंडणारच. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबारात पंधरा माणसं पडली, म्हणून तो हुतात्मा चौक. आज त्याच चौकात सभा घ्यायची तर पोलीस आझाद मैदानाकडे बोट दाखवतात.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटनासमितीत सत्याग्रह, कायदेभंग सोडून द्यायला सांगितलं होतं, हे आंदोलनाच्या विरोधात हमखास पुढे केलं जातं. ते म्हणाले होते की घटनात्मक मार्ग खुले असताना ती साधनं नकोत. शांततेने, विनाशस्त्र जमणं हा तर घटनेनेच दिलेला मार्ग आहे. तो अर्जाच्या खिडकीवर बंद केला, तर त्यांच्या वाक्यातली अटच आपण मोडतो. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकाबद्दल माझी काळजी हीच आहे. कायद्याच्या अवज्ञेला उत्तेजन देणारे शब्दही त्याच्या मसुद्यात 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत आले. अमेरिकेत १९६९ पासून कसोटी अशी आहे की बोलण्यामुळे तत्काळ बेकायदा कृत्य घडवण्याचा हेतू हवा आणि ते घडण्याची दाट शक्यताही हवी. तेवढी कडक कसोटी आपल्याला हवी आहे.

इथल्या मराठी मंडळींशीही बोलायचं आहे. मार्च २०२५ मध्ये कोलंबियातल्या निदर्शनांतला ग्रीन कार्डधारक महमूद खलील याला न्यूयॉर्कमध्ये घरी परतत असताना पकडून लुइझियानातल्या कोठडीत नेलं, तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवलं. त्याच सुमारास विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द होऊ लागले. आमच्या ओळखीतल्या मुलांनी जुन्या पोस्ट पुसल्या, आई-बापांनी पुण्याहून फोन करून "तू कशात पडू नकोस" असं बजावलं. ती भीती खरी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण व्हिसाच्या धाकाने इथे गप्प बसावं लागणं ज्यांनी अनुभवलं, त्यांनी गावातल्या आंदोलकाला 'परवानगी होती का' असं विचारताना तरी थोडं थांबावं.

महाराष्ट्राकडून माझं मागणं साधं आहे. सभेच्या अर्जाला अठ्ठेचाळीस तासांत लेखी उत्तर मिळावं. नकार असेल तर कारण लिहावं, आणि 'कुणीतरी विरोध करेल' हे कारण चालू नये. नकाराबरोबरच दुसरी जागा, दुसरी वेळ सुचवणं बंधनकारक असावं. आझाद मैदानाखेरीज मुंबईत आणखी जागा ठरवाव्यात, तिथे पाणी आणि शौचालयं असावीत. लाठीमाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि वेळ नोंदली जावी, ती नोंद जखमी माणसाला मागता यावी, आणि चूक सिद्ध झाली तर भरपाई त्याला कायद्याने मिळावी.