‘फ्लोचार्ट येतो ना, मग बीपीएमएन कशाला?’

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं बीए, म्हणजे बिझनेस अॅनालिस्ट व्हायची तयारी करणाऱ्या पोरापोरींच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो. त्याचा सारांश असा : ‘बीपीएमएनची शंभरावर चिन्हं पाठ करत बसू नका. ते २०११ चं जुनं प्रकरण आहे. फ्लोचार्ट येत असेल तर बीपीएमएन आलंच, क्लायंटला ते कळत नाही आणि आता एआय आकृती काढून देतं.’ बीपीएमएन म्हणजे बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन, कामाची प्रक्रिया आकृतीत मांडायची ठरलेली चिन्हं आणि नियम. मेसेजमधला एखादा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून एकेक घेऊ.

चिन्हं शंभरावर आहेत, खरंय. प्रमाणग्रंथाची पानंही पाचशेवर आहेत. पण रोजच्या कामाला स्टार्ट, एंड, टास्क, एक्सक्लुझिव्ह आणि पॅरलल गेटवे (वाटा फोडणारी-जोडणारी चिन्हं; पहिल्यात एकच वाट निवडली जाते, दुसऱ्यात सगळ्या एकदम चालतात), मेसेज, टायमर, पूल (प्रक्रियेतल्या एकेका पक्षाचा पट्टा), लेन (पूलमधले उपविभाग) आणि दोन प्रकारचे बाण एवढं पुरतं. आठवड्याभरात ओळख होते. वेळ लागतो तो नियम अंगवळणी पडायला.

‘जुनं’ म्हणाल तर २.० आवृत्ती २०११ ची, आयएसओ मानक २०१३ चं आणि २.०.२ ही दुरुस्ती २०१४ ची. एकदा शिकलेलं इतकी वर्षं चालतंय, ही तक्रार कशी होते ते कळत नाही.

आता खरा मुद्दा, फ्लोचार्टचा. सोयाबीनच्या हमीभाव खरेदी केंद्राचं उदाहरण घ्या. शेतकरी सातबारा, पीकपेरा, आधार, पासबुक देऊन नोंदणी करतो, एसएमएस येतो, तो माल आणतो, ओलावा मोजतात, वजन होतं, पैसे खात्यात जातात. फ्लोचार्टमध्ये हे सहा चौकोन एका रेषेत बसतात आणि सगळं सुरळीत दिसतं.

बीपीएमएनमध्ये शेतकरी आणि केंद्र हे दोन वेगळे पूल. सलग रेषेचा बाण पूलची हद्द ओलांडू शकत नाही. एसएमएस तुटक रेषेनंच, म्हणजे मेसेज फ्लोनंच जातो. हा नियम उगाच नाही. केंद्र शेतकऱ्याला हाताला धरून आणू शकत नाही, फक्त वाट बघू शकतं. म्हणून एसएमएसनंतर इव्हेंट-बेस्ड गेटवे, म्हणजे जी घटना आधी घडेल ती वाट धरणारा गेटवे येतो आणि त्याला दोन फाटे फुटतात : ‘माल आला’ हा मेसेज किंवा ‘मुदत संपली’ हा टायमर. दुसरा फाटा काढला की लगेच प्रश्न उभा राहतो : मुदत टळली तर नोंदणी रद्द करायची की नवी तारीख द्यायची? फ्लोचार्टमध्ये हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

पुढं ओलावा. मर्यादा १२ टक्के धरू. नवशिके इथं थेट गेटवे ठेवतात, पण गेटवे काही मोजत नाही. आधी ‘ओलावा मोजणे’ हा टास्क, मग गेटवे. माल ओला निघाला की बरेच जण बाण मागं, त्याच टास्ककडं वळवतात. अर्थ काय झाला? शेतकरी घरी सोयाबीन वाळवतोय आणि इकडं ग्रेडरच्या रांगेत त्याचा नंबर अडकून पडलाय. तिथं ‘माल परत’ असा एंड काढा, किंवा पुन्हा माल येण्याच्या मेसेजची वाट बघणारा इव्हेंट ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक वजनानंतर होते. गोदाम पावती आणि बँक खात्याची पडताळणी ही कामं एकाच वेळी चालतात. फाटा फोडताना फुलीचा (×), म्हणजे एक्सक्लुझिव्ह गेटवे टाकला आणि जोडताना अधिक चिन्हाचा (+), म्हणजे पॅरलल, तर टोकन (प्रक्रिया कुठवर पोचली ते दाखवणारी काल्पनिक सोंगटी) एकाच वाटेनं येतं, जोडणारा गेटवे दुसऱ्याची वाट बघत राहतो आणि पैसे कधीच निघत नाहीत. उलट केलं, म्हणजे अधिकनं फोडून फुलीनं जोडलं, तर ‘पैसे पाठवणे’ दोनदा चालतं. एकाच शेतकऱ्याला दोनदा! कागदावर दोन्ही आकृत्या सारख्याच देखण्या दिसतात.

क्लायंटला कळत नाही, हा मुद्दा निम्मा मान्य. सचिवासमोर टायमर आणि बाउंडरी इव्हेंटनी (टास्कच्या कडेला चिकटलेल्या घटनांनी) भरलेली आकृती ठेवली तर तो चहा मागवेल. त्याच्यासाठी लेन आणि आठ-दहा टास्क एवढीच वरची आकृती ठेवा, बारकावे सब-प्रोसेसमध्ये, म्हणजे आतल्या वेगळ्या आकृतीत. टास्कची नावं मात्र क्रियेची हवीत. ‘ग्रेडर विभाग’ हे काम नव्हे.

राहिलं एआय. उघडणारी फाइल ते देतं. ती चालते का, हे तपासायला नाणं घ्या आणि स्टार्टपासून प्रत्येक बाणावरून सरकवत न्या. पॅरलल गेटवेला फाटा फुटला की दुसरं नाणं. बीपीएमएन-आयओ या आकृती काढायच्या साधनाचं टोकन सिम्युलेशनचं मोफत प्लगिनही हेच करतं. पण बारदाना संपला तर वजन थांबतं की माल ढिगानंच पडून राहतो, हे वर्णनात लिहिलंच नसेल तर एआय ते कुठून काढणार? ते केंद्रावर जाऊन मापाड्यालाच विचारावं लागतं, आणि तेही काटा सुरू व्हायच्या आधी.